जिथे जंतू, तिथे औषध : अलेक्झांडर फ्लेमिंग यांची गोष्ट



सूक्ष्मजीवांचा धडा आला की आपण वर्गात पेनिसिलिनची गोष्ट सांगतो. बशीत बुरशी पडली, जंतू मेले आणि जगाला औषध मिळालं. मुलांना गोष्ट आवडते, तासही रंगतो. पण या गोष्टीतला अवघड भाग आपण बहुतेक वेळा सोडून देतो. जंतू मारणारं औषध सापडणं ही एक गोष्ट आणि ते औषध जंतूपर्यंत पोहोचणं ही दुसरी. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरत होती.

हा प्रश्न सगळ्यात कठीण कुठे होतो, माहीत आहे? हाडात. हाडात पू झाला, की गोळ्या आणि इंजेक्शनं देऊनही तो वर्षानुवर्षं वाहत राहू शकतो. म्हणूनच आज डॉक्टर काही रुग्णांच्या हाडाच्या पोकळीत अँटिबायोटिक थेट ठेवतात. हे का करावं लागतं, ते फ्लेमिंग यांची जीवनकथा नीट वाचली की आपोआप समजतं. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

शेतावरचं बालपण

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. एअरशायर भागातल्या डार्वेल गावाजवळ लॉकफील्ड नावाचं शेत होतं, तिथे त्यांचे वडील ह्यू शेती करत. वडिलांचं हे दुसरं लग्न. आधीची चार मुलं आणि नंतरची चार, असं भरलेलं घर. अलेक्झांडर सात वर्षांचा असताना वडील वारले. आई ग्रेस आणि थोरल्या भावांनी शेत आणि घर दोन्ही सांभाळलं.

शाळेला लांब चालत जावं लागायचं. वाटेत ओढे, माळ, मेंढ्या, पक्ष्यांची घरटी. लहान अलेकला न बोलता बघत राहायची सवय लागली ती इथेच. पुढे त्यांच्या सोबत काम करणारे लोक सांगत, की हा माणूस बोलतो कमी आणि बघतो जास्त. आपल्या वर्गातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. तोंडी परीक्षेत मागे पडते आणि प्रयोगाच्या वहीत मात्र इतरांना न दिसलेलं लिहून आणते. अशा मुलांकडे जरा जास्त लक्ष द्या, एवढंच इथे सांगावंसं वाटतं.

तेराव्या वर्षी अलेक लंडनला भावाकडे आला. थोडं शिक्षण झालं आणि मग एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी सुरू झाली. चार वर्षं हे काम केलं. ते काही त्याच्या मनाला रुचणारं नव्हतं. पुढे एका काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले. मोठा भाऊ आधीच डॉक्टर झाला होता, त्याने सुचवलं की तूही वैद्यकाकडे वळ. अलेकने लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल निवडलं. कारण काय, तर त्या कॉलेजच्या संघाविरुद्ध तो वॉटर पोलो खेळला होता!

नेमबाजाला मिळालेली प्रयोगशाळा

१९०६ मध्ये फ्लेमिंग डॉक्टर झाले. अभ्यासात हुशार, बक्षिसं बरीच. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं. पण ते उत्तम नेमबाज होते आणि सेंट मेरीजच्या रायफल क्लबला हा गडी सोडायचा नव्हता. क्लबमधल्या एका सहकाऱ्याने त्यांना तिथल्याच जंतुशास्त्राच्या विभागात चिकटवून दिलं. विभागाचे प्रमुख होते सर आल्म्रोथ राइट. टायफॉइडच्या लशीवर काम केलेले, वादविवादात कोणालाही न ऐकणारे मोठे शास्त्रज्ञ. फ्लेमिंग आले आणि पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द तिथेच राहिले.

राइट यांचं एक ठाम मत होतं. रोगाशी लढायचं खरं काम शरीर स्वतः करतं, त्याच्या पांढऱ्या पेशी करतात, डॉक्टरने त्यांना मदत करावी. हे मत फ्लेमिंग यांच्या मनात रुजलं. त्याची खरी परीक्षा झाली १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा.

बुलोनच्या जखमा

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन शहरात ब्रिटिश सैन्याची रुग्णालयं उघडली होती. एका कॅसिनोच्या इमारतीत, जिथे आधी श्रीमंत लोक जुगार खेळत, तिथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या आणि तिथेच राइट यांच्या तुकडीने प्रयोगशाळा थाटली. फ्लेमिंग लष्करी डॉक्टर म्हणून तिथे काम करत होते.

जखमा भयंकर होत्या. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला की सोबत गणवेशाच्या चिंध्या आणि शेतातली शेणखताची माती घेऊन जायचा. हाडाचे तुकडे तुकडे व्हायचे. मग धनुर्वात, गॅस गँगरीन, पू. गोळी लागून वाचलेला सैनिक पुढच्या काही दिवसांत जंतूंमुळे मरायचा.

तेव्हाचा नियम काय होता? जखमेत भरपूर जंतुनाशक ओता. कार्बोलिक आम्लासारखी तिखट द्रावणं आत सोडायची आणि वरून पट्टी बांधायची. लिस्टर यांनी पन्नास वर्षांपूर्वी याच कार्बोलिक आम्लाने उघड्या अस्थिभंगाचे रुग्ण वाचवले होते, त्यामुळे सगळ्यांचा त्यावर विश्वास. तरीही बुलोनमध्ये सैनिक मरत होते. असं का?

फ्लेमिंग यांनी यावर एक साधा प्रयोग केला आणि तो आपल्याला वर्गातही समजावून सांगता येईल असा आहे. त्यांनी काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतीला बाहेर निघालेली पोकळ काचेची टोकं काढली. म्हणजे आत अनेक अरुंद बोळ असलेली एक नकली जखम तयार झाली. तिच्यात जंतू असलेला द्रव भरला आणि ओतून टाकला. मग जंतुनाशक भरलं, थांबले, तेही ओतून टाकलं. शेवटी स्वच्छ द्रव भरून नळी उबेत ठेवली. पाहतात तर जंतू पुन्हा वाढलेले! नळीच्या मधल्या भागातले जंतू मेले होते, पण बोळांच्या टोकाशी दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. ही जंतुनाशकं जखमेत जमलेल्या पांढऱ्या पेशींनाच आधी मारत होती. म्हणजे पहारेकरी मेले आणि चोर बोळात सुखरूप. फ्लेमिंग आणि राइट यांचं सांगणं असं होतं, की जखमेतलं मेलेलं मांस, चिंध्या, घाण आधी काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि शरीराच्या पेशींना काम करू द्या. अनेक सर्जनांना हे पटलं नाही. वर्षानुवर्षांची सवय सहजासहजी सुटत नाही, आणि जखमेत काहीतरी औषध ओतल्याचं समाधान वेगळंच असतं.

इथे क्षणभर थांबा. अरुंद बोळ, आत दडलेले जंतू, बाहेरून ओतलेलं औषध न पोहोचणं. हे चित्र लक्षात ठेवा. हाडाकडे आपण याच वाटेने जाणार आहोत.

अश्रू, लिंबाची साल आणि एक बशी

युद्ध संपलं. फ्लेमिंग सेंट मेरीजला परतले. १९१५ मध्ये त्यांचं सारा नावाच्या आयरिश परिचारिकेशी लग्न झालं होतं. पुढे त्यांना रॉबर्ट हा मुलगा झाला.

आता त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. जंतूंना मारेल पण शरीराच्या पेशींना धक्का लावणार नाही, असं काही असेल का? १९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्याच नाकातला शेंबूड जंतूंवर टाकून पाहिला. जंतू विरघळले! त्या पदार्थाला लायसोझाइम हे नाव पडलं. तो अश्रूंमध्ये खूप असतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवून अश्रू गोळा करण्याचा उद्योग बरेच दिवस चालला. मुलांना हा प्रसंग सांगा, वर्ग हसून हसून लोटपोट होतो. लायसोझाइम धोकादायक जंतूंवर मात्र फारसं चालत नव्हतं. तरी शरीराला इजा न करता जंतू मारता येतात, हे त्यातून दिसलं.

१९२८ मध्ये ते स्टॅफिलोकॉकस या जंतूवर काम करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसणारा हा जंतू. आपल्या त्वचेवर आणि नाकात तो सहज असतो. गळू बहुतेक वेळा याचंच. आणि हाडात पू होण्याचं जगभरातलं सर्वांत नेहमीचं कारणही हाच. म्हणजे फ्लेमिंग यांच्या बशीत हाडांचा सगळ्यात मोठा शत्रू वाढत होता, असं म्हटलं तरी चालेल.

सुट्टी संपवून ३ सप्टेंबरला ते परत आले. टेबलावर जुन्या बश्यांचा ढीग पडलेला. टापटिपीसाठी ते प्रसिद्ध नव्हते. एका बशीत बुरशी आली होती आणि बुरशीच्या आसपास जंतूंचे ठिपके विरघळून पारदर्शक झाले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुवायला टाकली असती. फ्लेमिंग थांबले आणि बघत राहिले. त्यांनी ती बुरशी वेगळी वाढवली. ती पेनिसिलियम गटातली निघाली, म्हणून तिच्या रसाला त्यांनी १९२९ मध्ये पेनिसिलिन हे नाव दिलं. त्याच वर्षी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला.

पहिला वापर जागच्या जागी

आता एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. फ्लेमिंग यांना सुरुवातीला पेनिसिलिन हे इंजेक्शनने रक्तात द्यायचं औषध वाटलंच नव्हतं. जिथे जंतू आहेत तिथे लावायचं किंवा सोडायचं औषध म्हणून ते त्याकडे पाहत होते. बुलोनच्या जखमा पाहिलेल्या माणसाने असा विचार करणं स्वाभाविकच होतं.

जानेवारी १९२९ मध्ये त्यांचे सहायक स्टुअर्ट क्रॅडॉक यांच्या नाकाजवळच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, जंतुसंसर्ग झाला होता. फ्लेमिंग यांनी ती पोकळी बुरशीच्या रसाने धुतली. क्रॅडॉक यांना काही अपाय झाला नाही, जंतू कमी झाले, पण आजार मुळापासून गेला नाही. पुढच्या वर्षी शेफील्डमध्ये सेसिल पेन या डॉक्टरांनी असाच कच्चा रस वापरून नवजात बाळांच्या डोळ्यांचा जंतुसंसर्ग बरा केला. डोळा उघडाच असतो, औषध थेट जंतूवर पडतं, त्यामुळे तिथे यश आलं.

मग फ्लेमिंग थांबले का? अडचणी तीन होत्या. पहिली, रस लवकर बिघडायचा आणि शुद्ध करता येत नव्हता. दुसरी, जंतू मरायला काही तास लागायचे. तिसरी, शरीरात गेलेलं पेनिसिलिन चटकन बाहेर पडतं. थोडक्यात, औषधाला हवं तेवढा वेळ हव्या त्या जागी टिकवून ठेवता येत नव्हतं. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी बुरशी जिवंत ठेवली, मागेल त्याला तिचे नमुने दिले आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

ऑक्सफर्डची माणसं

इथे एक प्रामाणिक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. पेनिसिलिनचं औषध एकट्या फ्लेमिंग यांनी केलं नाही. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास ते शुद्ध केलं, उंदरांवर तपासलं आणि मग माणसांना दिलं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतू अंगभर पसरलेल्या एका पोलीस शिपायाला ते टोचलं गेलं. तो झपाट्याने सुधारू लागला. पण औषध होतंच किती? त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचण्याची वेळ आली. शेवटी साठा संपला, जंतू परतले आणि तो गेला. त्यानंतरच्या रुग्णांमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झालेला १५ वर्षांचा एक मुलगा होता. तो वाचला.

१९४३ मध्ये फ्लोरी आणि सर्जन ह्यू केर्न्स उत्तर आफ्रिकेच्या युद्धभूमीवर गेले. औषध अजूनही तुटपुंजं. म्हणून त्यांनी जखमा स्वच्छ करून शिवल्या, आत बारीक रबरी नळ्या ठेवल्या आणि त्यातून पेनिसिलिन थेट जखमेत सोडलं. थोडं औषध, पण नेमक्या जागी.

पाठीच्या कण्यातलं इंजेक्शन

आता फ्लेमिंग यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी प्रसंग. ऑगस्ट १९४२. त्यांच्या भावाच्या चष्म्याच्या व्यवसायातला एक सहकारी सेंट मेरीजमध्ये मरणाच्या दारात होता. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला होता. सल्फाची औषधं देऊन झाली, उपयोग नाही. फ्लेमिंग यांनी तपासलं, तर त्याचे जंतू पेनिसिलिनने मरणारे निघाले. त्यांनी फ्लोरी यांच्याकडे औषध मागितलं. फ्लोरी यांनी जवळ होतं तेवढं सगळं देऊन टाकलं.

दर काही तासांनी इंजेक्शनं सुरू झाली. रुग्ण सुधारला आणि काही दिवसांनी पुन्हा खालावला. फ्लेमिंग यांनी त्याच्या पाठीच्या कण्यातला द्रव तपासला. त्यात पेनिसिलिन नव्हतंच! रक्तात औषध होतं, जंतू मात्र मेंदूभोवतीच्या द्रवात होते, आणि मधली भिंत औषधाला आत जाऊ देत नव्हती. बुलोनच्या काचेच्या नळीतला प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला, या वेळी एका जिवंत माणसात.

कण्यात पेनिसिलिन टोचलं तर काय होईल, हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. फ्लेमिंग यांनी जोखीम घेतली आणि औषध थेट कण्यातल्या द्रवात सोडलं. रुग्ण वाचला आणि काही आठवड्यांत घरी गेला. या यशानंतर फ्लेमिंग सरकारच्या पुरवठा मंत्र्यांकडे गेले आणि ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादनाच्या हालचालींना वेग आला.

मग हाडाचं काय?

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. जंतू आत शिरले की पू होतो. हाड फुग्यासारखं ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि हाडाचा तो भाग मरतो. मेलेल्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणून रक्तातून येणारं औषधही जात नाही. जंतू तिथे मजेत राहतात. हाड जोडायला धातूची पट्टी किंवा सळई बसवली असेल, तर तिच्यावर चिकट थर करून बसतात आणि त्या थरातून औषध नीट उतरत नाही. गोळ्यांचा डोस कितीही वाढवला तरी आधी मूत्रपिंडाला त्रास होईल, जंतूला नाही.

उपाय फ्लेमिंग यांच्या विचाराच्या दिशेनेच निघाला. सर्जन आधी मेलेलं हाड आणि घाण काढतात. मग उरलेल्या पोकळीत अँटिबायोटिक ठेवतात. जर्मनीत हॅम्बुर्गचे सर्जन हान्स विल्हेल्म बुखहोल्ट्स यांनी कृत्रिम सांधा बसवताना वापरतात त्या बोन सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळलं आणि १९७० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे क्लाउस क्लेम यांनी त्याच सिमेंटचे छोटे मणी तारेत ओवून हाडाच्या पोकळीत ठेवायची पद्धत आणली. मण्यांमधून औषध हळूहळू झिरपतं. रक्तातून देता येणार नाही इतकं जास्त औषध त्या जागी मिळतं आणि बाकी शरीरात मात्र फार थोडं पोहोचतं. नंतर मणी काढून घ्यावे लागतात.

मग साधं पेनिसिलिनच का मिसळत नाहीत? हा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी नक्की विचारेल. हे सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं. त्या उष्णतेत टिकणारं औषध लागतं. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन टिकतात. पेनिसिलिन नाजूक आहे.

अलीकडे कॅल्शियम सल्फेटचे मणीही वापरतात. ते आपोआप विरघळतात, काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. कॅल्शियम सल्फेट म्हणजे काय, तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कुळातला पदार्थ. आपल्या हातातला फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा त्याचाच असतो! दवाखान्यातला अर्थातच शुद्ध आणि निर्जंतुक केलेला. पण खडू हातात धरून ही गोष्ट सांगितलीत, तर मुलं विसरणार नाहीत.

शेवटची वर्षं आणि एक इशारा

१९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला. १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. आपलं कौतुक जरा जास्तच होतंय, हे ते स्वतः मान्य करत. निसर्गाने पेनिसिलिन बनवलं, मला ते दिसलं, अशी त्यांची भूमिका होती.

नोबेलच्या भाषणात त्यांनी एक इशारा दिला. एखादा माणूस घशाच्या दुखण्यासाठी स्वतःच औषध आणेल, पुरेसं घेणार नाही, त्याचे जंतू मरण्याऐवजी निर्ढावतील आणि तेच जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाचा जीव घेतील, अशा अर्थाचं उदाहरण त्यांनी दिलं. आणि झालंही तसंच. ते दशक संपता संपता रुग्णालयांमधले अनेक स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला जुमानेनासे झाले.

सारा १९४९ मध्ये गेल्या. १९५३ मध्ये त्यांनी ग्रीक शास्त्रज्ञ अमालिया यांच्याशी लग्न केलं. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने फ्लेमिंग यांचं निधन झालं. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्याच सुमारास आपल्या पुण्याजवळ पिंपरीला, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात भारतातलं पेनिसिलिन तयार होऊ लागलं होतं.

जाता जाता एक विनंती. फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी बुडणाऱ्या चर्चिलला वाचवलं आणि त्या उपकारातून मुलाचं शिक्षण झालं, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट वर्गात सांगू नका. ती खरी नाही, स्वतः फ्लेमिंग यांनीच ती नाकारली होती. कारकुनी, वारशाचे थोडे पैसे आणि भावाची साथ, ही खरी गोष्ट पुरेशी सुंदर आहे.

आपण काय घ्यायचं?

पालकहो, हे तुमच्यासाठी. मुलांच्या हाडात जंतू बहुतेक वेळा रक्तातूनच जातात. वर जखम दिसेलच असं नाही. मुलाला ताप आहे, गुडघ्याच्या वर किंवा खाली एका जागी दुखतंय, ते पाय टेकत नाही किंवा लंगडतंय, तर मुरगळलं असेल म्हणून तेल लावून चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच उपचार मिळाले तर बहुतेक मुलांचं काम शिरेतून आणि मग तोंडाने दिलेल्या औषधावरच भागतं. पू साचला असेल तरच शस्त्रक्रिया लागते. मणी, सिमेंट हे सगळं पुढचं, जुनाट दुखण्यासाठी किंवा मोठ्या उघड्या अस्थिभंगासाठी. उशीर झाला की वाट तिकडे जाते.

दुसरं, अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पावडर जखमेवर टाकायची सवय अजून अनेक घरांत आहे. वाटेल, जागच्या जागी औषध म्हणतात ते हेच ना! नाही हो. सर्जन आधी मेलेलं सगळं काढतो, जंतू तपासतो, औषध निवडतो आणि मग ते ठेवतो. आपण मातीवर पावडर टाकतो आणि त्याखालचे जंतू निर्ढावतात. घरी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवा, ते जास्त उपयोगी. आणि डॉक्टरांनी जितके दिवस गोळ्या सांगितल्या तितके दिवस द्या. ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नका.

शिक्षकांसाठी एक कृती. वाळलेलं घोसाळं घ्या, ज्याची आपण अंग घासायला घासणी करतो. आतली जाळी बरीचशी हाडाच्या आतल्या जाळीसारखी दिसते. ते हळदीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवा. एका गटाला तांब्याने वरून पाणी ओतू द्या, दुसऱ्याला पिचकारीने आत पाणी सोडू द्या. मग दोन्ही आडवे कापून पाहा, आणि पिवळं कुठे राहिलं ते मुलांना वहीत लिहायला सांगा. त्यानंतर फ्लेमिंग यांच्या काचेच्या नळीचं चित्र फळ्यावर काढा आणि विचारा, की आतल्या टोकाशी बसलेल्या जंतूपर्यंत तुम्ही औषध कसं न्याल?

उत्तरं मुलांना शोधू द्या. तुमच्या वर्गातून एखादं वेगळं उत्तर आलं तर आम्हालाही जरूर कळवा.